नाताळचें जेवण आणि घरांतील नातवंडें : कै. लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रावरून

नाताळ आतां थोड्या दिवसांवर येऊन ठेपला आहे. धाराशिव जिल्ह्यांतील आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत ह्या दिवसांत एकच बोलणें ऐकूं येतें. पुण्यामुंबईस कामधंद्यास गेलेलीं मुलें व सुना केव्हां येणार, नातवंडें किती दिवस राहणार, आणि जेवणाचा बेत काय करावयाचा, हें तें बोलणें होय. आजीच्या मनांत ह्या बेताची जुळवाजुळव महिनाभर चाललेली असते. अशा वेळीं एका आजीचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. ती आजी म्हणजे स्मृतिचित्रें ह्या ग्रंथाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. महाराष्ट्र त्यांना साहित्यिक म्हणून ओळखतो; परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग चुलीपाशींच गेला, आणि त्या आयुष्यांतील सर्वांत मोठा पालट कोणाच्या हातचें खावें व कोणाच्या पंगतीस बसावें ह्या प्रश्नावरूनच झाला. म्हणून नाताळच्या पंगतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक घरास त्यांच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर ह्या गांवीं गोखले यांच्या घराण्यांत झाला. त्यांचें माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत त्यांना मनू म्हणत. त्यांच्या आईचे वडील १८५७ सालच्या धामधुमींत फांशी गेले. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनानें सोंवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाहेरून आलेली वस्तु पाण्यांतून काढल्याशिवाय घरांत घ्यावयाची नाहीं, धान्यसुद्धां धुवून वाळवावयाचें आणि मगच दळावयाचें, असा त्यांचा दंडक होता. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, ह्याची धास्ती साऱ्या घरास असे. बायकांचा दिवस पाणी वाहण्यांत व धुण्यांत जाई. अशा घरांत मुलांच्या तोंडीं पडणारा घांस सुखाचा कसा असणार? अन्न ही देवाची देणगी आहे हें समजण्याच्या आधींच अन्न ही भिण्याची वस्तु आहे हें त्या घरांतील मुलांना समजत असे.

हें आम्ही मुद्दाम सांगत आहों. घरांतील वडील माणसें पंगतींत जशीं वागतात तसें जग आहे असें लहान मुलांस वाटतें. आजोबांनीं कोणास ओसरीवर बसविलें, आजीनें कोणास वेगळ्या भांड्यांत पाणी दिलें, हें तीं पाहतात आणि कोणी न शिकवितां शिकतात. लक्ष्मीबाईही तसेंच शिकल्या. पुढें तें विसरण्यास त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरीकडील करजगांवचा. त्यांची बुद्धि तेजस्वी, काव्यशक्ति अपूर्व, आणि स्वभाव वाऱ्यासारखा. आज येथें तर उद्यां तेथें. आज नोकरी तर उद्यां राजीनामा. हातीं आलेला पैसा हातीं राहावयाचा नाहीं, आणि वाटेंत भेटलेला भुकेला मनुष्य घरीं आणल्यावांचून राहावयाचें नाहीं. नाशिक, नागपूर, राजनांदगांव असे कितीएक गांवांचे संसार लक्ष्मीबाईंनीं मांडले आणि मोडले. दत्तूच्या आधीं झालेलीं अपत्यें जगलीं नाहींत. तें दुःखही त्यांनीं सोसलें. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. वाचावयास त्यांना टिळकांनींच शिकविलें. घरांत उद्यांचें पीठ आहे कीं नाहीं हें ठाऊक नसतां आज आलेल्या पाहुण्याचें पान मांडावयाचें, ही विद्या मात्र त्या आपण होऊन शिकल्या.

१८९५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबई येथें टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ती बातमी कळतांच लक्ष्मीबाईंवर जणूं आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून त्याच्या पंगतीस बसतां येत नाहीं, त्याचें उष्टें काढतां येत नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आधारानें राहूं लागल्या. पंढरपुरास बहिणीच्या घरीं त्यांनीं कांहीं काळ काढला. पुढें कांहीं वर्षांनीं त्या अहमदनगरास टिळकांकडे आल्या; परंतु आल्या त्या आपला धर्म आणि आपलें सोंवळें बरोबर घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. नवराबायको जवळ आलीं, पण चुली दोन राहिल्या. टिळकांनीं ह्या बाबतींत बळजबरी केली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्याच्या त्याच्या मनास देव आपल्या वेळीं वळवील, असा त्यांचा भरंवसा होता.

तो वळण्याचा दिवस महाबळेश्वरास आला. जात म्हणजे काय, ती देवानें केली कीं माणसानें, ह्या विचारानें लक्ष्मीबाईंच्या मनास तेथें घेरलें. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांस दिसतात, माणसांच्या तशा दिसत नाहींत. मग हा भेद माणसांनींच मांडलेला असला पाहिजे, असा त्यांच्या सरळ बुद्धीनें निकाल दिला. निकाल झाल्यावर त्यांनीं आडपडदा ठेवला नाहीं. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्यांचें मन तयार झालें. हा पालट बाप्तिस्म्याच्या आधींच झाला होता. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं राहुरी येथें घेतला. म्हणजे उपासनेच्या जागीं त्या पोंचल्या त्याआधीं पंगतीच्या जागीं पोंचल्या होत्या, असें म्हटलें तरी चालेल.

ह्याच सुमारास छपन्नाचा दुष्काळ पडला. १८९९ व १९०० ह्या वर्षांत नगर जिल्ह्यांत आणि आपल्या ह्या मुलुखांतही माणसें अन्नावांचून तडफडलीं. अनाथ मुलें रस्त्यावर आलीं. टिळकांनीं अशीं मुलें घरीं आणावयाचीं आणि लक्ष्मीबाईंनीं तीं जेवूं घालावयाचीं, असा क्रम सुरू झाला. मिशनचा पगार थोडा आणि तोंडें पुष्कळ. ज्या बाईच्या माहेरीं धान्यसुद्धां धुवून घेत, तीच बाई आतां जात न विचारतां लेकरांना न्हाऊं घालूं लागली आणि पोटच्या मुलांबरोबर जेवावयास बसवूं लागली. तारा नांवाची एक मुलगी तर त्यांनीं आपलीच लेक म्हणून वाढविली. त्यांच्या घरांतील पंगतीस नेहमीं कोणी ना कोणी परकें असे, आणि पंगत संपेपर्यंत तें आपलें होऊन जाई.

टिळकांनीं १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचें संपादन केलें. शेवटीं सातारा येथें देवाचा दरबार स्थापला. आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेवला. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षें जगल्या. चिरंजीव देवदत्त नोकरीनिमित्त कराचीस गेले तेव्हां त्याही तेथें गेल्या. त्यांचें आजीपण ह्या काळांतलें. देवदत्तांनीं टिळकांच्या चरित्रासाठीं म्हणून आठवणी लिहून मागितल्या, आणि जोडाक्षरें लिहितांना अडणाऱ्या ह्या बाईनें त्या अशा लिहिल्या कीं, १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेलें तें पुस्तक मराठी भाषेचें भूषण ठरलें. टिळकांचें अपुरें राहिलेलें ख्रिस्तायन त्यांनीं पुढें चालविलें. तें १९३८ सालीं देवदत्तांनीं प्रसिद्ध केलें. त्याआधींच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं, नाशिक येथें लक्ष्मीबाईंचें देहावसान झालें होतें. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं पुढें आजीच्या स्मृतिचित्रांची संपूर्ण आवृत्ति संपादन केली. आजीनें जें वाढलें तें नातवानें जपलें, असें हें उदाहरण आहे.

आतां हें चरित्र मनांत ठेवून आपण आपल्या नाताळच्या बेताकडे वळूं.

पहिली गोष्ट पंगतीची. जिन्नसांची यादी करण्याआधीं माणसांची यादी करावी, आणि ती नातवंडांस जवळ घेऊन करावी. कोण कोण येणार हें आजीनें विचारावें आणि लिहितां येणाऱ्या नातवानें लिहावें. घरचीं नांवें संपलीं कीं आजीनें आणखी एक प्रश्न घालावा : आपल्या गांवांत त्या दिवशीं कोणाच्या घरीं चूल थंड राहणार आहे? भूम, परांडा, वाशी, कळंब ह्या भागांतून दरसाल दिवाळीनंतर कितीएक जोडपीं उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नाताळांत तीं फडावर कोपींत असतात, आणि त्यांचीं लहान मुलें म्हाताऱ्या आजीआजोबांपाशीं गांवीं राहतात. अशा घरचीं दोन मुलें आपल्या पंगतीस असलीं म्हणजे पानें फार वाढत नाहींत, पण पंगतीचा अर्थ वाढतो. विधवा, एकटा म्हातारा, शेजारचें अन्यधर्मीय कुटुंब, ह्यांचीही आठवण ठेवावी.

येथें एक कटु गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. प्रभूच्या मेजाशीं एकत्र बसणारे आम्ही लोक घरच्या पंगतींत अजूनही पूर्वीच्या जातीचें नांव विसरलेलों नाहीं. अमक्या घरची सून, तमक्या वस्तीवरचे लोक, असें म्हणून बोलावणें टाळलें जातें, आणि तें टाळणें नातवंडें ऐकत असतात. लक्ष्मीबाईंनीं जें ओझें इतक्या वर्षांनीं खालीं टाकलें, तें आपण आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर नव्यानें ठेवावें काय? ह्या नाताळांत प्रत्येक घरानें निदान एक बोलावणें असें द्यावें कीं, जें मागील वर्षीं देण्यास मन धजलें नव्हतें.

दुसरी गोष्ट पैशाची. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे आणि ओढाताण लक्ष्मीबाईंस सोसावी लागे. आपल्याकडे नाताळच्या नांवानें दुकानदाराची उधारी होते, कोणी सावकाराकडून रक्कम उचलतो, आणि सणाचा दिवस संपला तरी त्याचें व्याज पुढच्या सुगीपर्यंत चालतें. बेत पैशाप्रमाणें आंखावा. आपल्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी मटणासाठीं नांवाजलेली आहे, म्हणून प्रत्येक घरीं बोकड पडलाच पाहिजे असें नाहीं. दोनतीन घरांनीं मिळून वांटा घ्यावा. तेंही न जमल्यास कोंबडी करावी. तेंही न जमल्यास वांग्याचें भरीत, आमटी आणि एक गोड पदार्थ एवढ्यानें सण उणा होत नाहीं. जमाखर्चाचा कागद थोरल्या नातीकडे द्यावा. अंथरूण पाहून पाय पसरणें म्हणजे काय, हें तिला त्या कागदावरून जन्मभर पुरेल इतकें कळेल.

तिसरी गोष्ट जिन्नसांची. देवानें आपल्या शेतांत ह्या महिन्यांत जें पिकविलें आहे त्याकडे आधीं पाहावें. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा कोंवळा पाला, वाल, वाटाणा, गाजर, मेथी हीं सर्व ह्याच वेळीं येतात. मार्गशीर्षांतील येळवशीस आमच्या शेजारच्या शेतांतून जी भज्जी आणि आंबील होते ती ह्याच दाण्यांची व ज्वारीच्या पिठाची. ही आपल्या मातीची चव आहे. ती आपल्या पानांतही असावी. शहरांतून आलेल्या नातवंडांस आजीच्या हातची ओल्या दाण्यांची भज्जी आणि ज्वारीची ऊन ऊन भाकरी दुकानच्या केकापेक्षां अधिक दिवस आठवेल. गोडासाठीं भूमकडील खवा प्रसिद्ध आहे. अर्ध्या किलो खव्याचे तीसएक गुलाबजाम होतात. भातास दहा माणसांमागें एक किलो तांदूळ पुरतो. एक किलो कणकेच्या पंचवीसतीस पोळ्या होतात. एवढा हिशेब आधीं केला म्हणजे अन्न कमीही पडत नाहीं आणि वायांही जात नाहीं.

चौथी गोष्ट वेळेची. चोवीस तारखेच्या रात्रीं गीतें गात फिरणारी तरुण मंडळी दारीं येते, पंचवीसच्या सकाळीं उपासना असते. त्या सकाळीं घरची सून चुलीपाशीं अडकली तर तिचा नाताळ झालाच नाहीं. म्हणून करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू हें फराळाचें चारपांच दिवस आधीं करून डब्यांत भरावें. खोबरें किसणें, मसाला भाजून कुटणें, तांदूळ व डाळी निवडणें हें तेवीस तारखेपर्यंत उरकावें. पाणी आधल्या संध्याकाळीं भरून ठेवावें, कारण आपल्या कोरडवाहू मुलुखांत ऐन वेळीं पाण्याचा भरंवसा नसतो. मग सकाळीं भाजी फोडणीस घालून भात चढविण्याएवढेंच काम उरतें, आणि तें उपासनेहून आल्यावर सर्वांनीं मिळून करतां येतें. सर्वांनीं म्हणजे पुरुषांनींही. लक्ष्मीबाईंच्या कष्टांवर टिळकांच्या घरची पाहुण्यांची पंगत उभी राहिली, ही गोष्ट त्यांचें चरित्र वाचणाऱ्या प्रत्येक पुरुषानें मनास लावून घ्यावी.

पांचवी गोष्ट चिमुकल्या हातांची. मुलें पायांत येतात म्हणून त्यांना स्वयंपाकघरांतून हांकलून देऊं नये. तीन वर्षांच्या मुलास वाटाण्याच्या शेंगा सोलतां येतात. अर्धे दाणे त्याच्या तोंडांत गेले तरी चिंता नाहीं. पांच वर्षांच्या मुलीनें करंजीच्या कडा दुमडाव्या. ती करंजी वांकडी झाली तरी तळून तिच्याच पानांत वाढावी. सातआठ वर्षांच्यानें पानें मोजावीं, पाण्याचे पेले मांडावे, पाहुण्यांस हात धुवावयास पाणी द्यावें. दहा वर्षांच्या मुलानें शेजारीं बोलावणें करावें आणि फराळाचें ताट पोंचवावें. तापलेल्या तेलाच्या कढईपासून व भातावरील पेजेपासून मात्र सर्वांना दूर ठेवावें. तळण चालूं असतां एका वडील माणसानें मुलांना अंगणांत घेऊन बसावें आणि गोष्ट सांगावी. त्या गोष्टींत बेथलेहेमच्या गोठ्याची कथा तर असावीच, पण घरच्या पणजोबापणजीचीही असावी. लक्ष्मीबाईंनीं आपल्या आठवणी सांगितल्या नसत्या तर सोंवळ्याच्या त्या घरापासून सर्वांच्या पंगतीपर्यंतची वाट आपल्याला कोठून कळती?

जेवणास बसतांना उपकारस्तुतीची प्रार्थना सर्वांत लहान मुलाकडून म्हणवून घ्यावी. पहिलें पान बाहेरून आलेल्या पाहुण्याचें असावें, शेवटचें घरच्यांचें. ज्यांचे आईबाप फडावर आहेत त्या मुलांच्या डब्यांत त्यांच्या घरीं नेण्यास फराळ भरून द्यावा, आणि जमेल तेव्हां कारखान्याकडे जाणाऱ्या कोणाबरोबर थोडा त्या आईबापांसही धाडावा.

ज्या प्रभूच्या जन्माचा हा सण, त्याला जन्मतां उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, आणि मोठेपणीं तो जातिबाह्यांच्या पंगतीस बसला म्हणून लोकांनीं त्यास नांवें ठेवलीं. जलालपूरच्या मनूस हें समजावयास अर्धें आयुष्य लागलें. पण समजल्यावर तिच्या घरांतील पंगत पुन्हां कधीं आंखडली नाहीं. आपल्या नातवंडांस तें ह्याच नाताळांत, आपल्याच ओसरीवर, जेवतां जेवतां समजावें, अशी आमची सर्व आजीआजोबांस विनंति आहे.